जास्वंद, तुरटी आणि कंट्रोलचा कप : संशोधनाचा सराव घरच्या घरी

नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो. "पेपर वाचतोय, मेथडॉलॉजीच्या नोट्स काढतोय, पण संशोधनाचा सराव कुठे करायचा? हाताशी लॅब नाही." माझं उत्तर ऐकून बरेच जण हसतात. मी म्हणते, दारातल्या कुंडीपासून सुरुवात करा. जास्वंद, गोकर्ण, हळद, बीट, बोगनवेल, जे मिळेल ते चालेल.

हसण्याचं कारण मला कळतं. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळलं की रंग बदलतो, हे आपण शाळेतच शिकलोय. एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या विज्ञान पुस्तकातही हे होतं: जास्वंदीचा दर्शक आम्लात गडद गुलाबी होतो आणि आम्लारीत हिरवा. मग एमएस्सी झालेल्या माणसाने त्यात काय करायचं?

करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यामागे एक कारण आहे. बीएस्सी-एमएस्सीच्या बहुतेक प्रात्यक्षिकांत उत्तर आधी ठरलेलं असतं. टायट्रेशनला बसलो की पहिला प्रश्न कोणता? "रीडिंग किती यायला पाहिजे?" ते आलं नाही तर ब्युरेटकडे बघण्याऐवजी शेजारच्या बॅचच्या जर्नलकडे बघितलं जातं. पाच वर्षं असं केल्यावर एक सवय लागते. आकडा जुळला की काम झालं असं वाटायला लागतं. संशोधनात मात्र जुळवायला आकडाच नसतो. तुमच्या कुंडीतल्या जास्वंदीच्या अर्काचाही नसतो. त्याची 'खरी व्हॅल्यू' कुठल्याच पुस्तकात छापलेली नाही, म्हणून सरावासाठी तो उत्तम.

आधी नेहमीचा प्रयोग

लाल जास्वंदीच्या चार-पाच फुलांच्या पाकळ्या घ्या. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात त्यांवर साधारण १०० मिली गरम पाणी ओता, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. पाकळ्यांमध्ये बुळबुळीत चिकट द्रव्य असतं, त्यामुळे गाळायला वेळ लागतो. घाईने पिळू नका. मिळालेला अर्क त्याच दिवशी वापरा, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवा.

आता पांढऱ्या कागदावर तीन काचेचे पेले ठेवा. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात व्हिनेगर, तिसऱ्यात खायच्या सोड्याचं पाणी. प्रत्येकात सारखे मोजून थेंब अर्क घाला. व्हिनेगरचा पेला लालसर गुलाबी होतो, सोड्याचा हिरवट.

असं काही करून बघणारे आपण पहिले नाही. रॉबर्ट बॉइलने १६६४ साली रंगांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवा होतो, हे त्यात नोंदवलेलं आहे. आपल्या घरातही हे जुनंच आहे. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, हळदीला चुना लावून कुंकू करतात, ही त्याच जातीची रसायनं.

रंग बदलतो म्हणजे काय होतं?

जास्वंदीच्या लाल रंगामागे अँथोसायनिन गटातली रंगद्रव्यं आहेत. हा रेणू परिस्थितीप्रमाणे चार-पाच वेगवेगळ्या रूपांत राहू शकतो. सामू, म्हणजे पीएच, तीनच्या खाली असेल तर त्याच्यावर धन प्रभार असतो आणि तो लाल दिसतो. सामू चार ते सहाच्या दरम्यान गेला की पाण्याचा एक रेणू त्याला येऊन चिकटतो आणि बराचसा भाग रंगहीन होतो. द्रावण फिकं पडतं. सातच्या आसपास आणि वर प्रोटॉन निघून जातात, जांभळी-निळी रूपं तयार होतात. आणखी वर गेलं की रेणूतलं एक कडं उघडतं आणि पिवळं रूप मिळतं. निळं आणि पिवळं एकत्र असेल तर डोळ्याला हिरवं दिसतं.

यातल्या दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक, मधल्या टप्प्यात रंग नुसता बदलत नाही, तो जातो. दोन, आम्लारीतला हिरवा रंग टिकत नाही, हळूहळू पिवळा पडतो. म्हणजे "सोड्यात हिरवा" हे वाक्य अपुरं आहे. किती मिनिटांनी हिरवा? पाच मिनिटांनी बघणारा आणि तासाने बघणारा, दोघेही खरं बोलतील आणि त्यांची निरीक्षणं मात्र वेगळी असतील. वेळ न लिहिता रंग लिहायचा नाही, हा पहिला नियम इथेच कळतो.

तुरटीचा पेला

खरी गंमत आता सुरू होते. माझ्या भाचीचा सातवीचा प्रोजेक्ट चालू होता. गणपतीचे दिवस, त्यामुळे जास्वंदीला तोटा नव्हता. लिंबू, व्हिनेगर, सोडा, साबण असं सगळं झाल्यावर तिने तुरटीचं पाणी घेतलं. पेला जांभळट झाला. तिने तक्त्यात लिहिलं, "तुरटी : आम्लारी". पुस्तकाप्रमाणे आम्ल असेल तर गुलाबी व्हायला हवं. झालं नाही, म्हणजे आम्लारी. तर्क सरळ होता.

पण तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. पाण्यात विरघळल्यावर अ‍ॅल्युमिनियमचे आयन पाण्याच्या रेणूंतून प्रोटॉन सोडवतात आणि सामू खाली येतो. १०० मिली पाण्यात अर्धा चमचा तुरटी घालून पीएच पेपर बुडवला तर साधारण साडेतीनच्या आसपास रंग येतो. हळदीच्या पाण्यात तुरटी घातली तर ते लाल होत नाही, पिवळंच राहतं. म्हणजे दोन साक्षीदार म्हणतायत की हे आम्लारी नाही, आणि जास्वंद वेगळंच काही सांगतेय.

अशा वेळी आपल्या मनात पटकन तीन वाक्यं येतात. "काहीतरी गडबड झाली असेल." "हा पेला तक्त्यातून काढून टाकू." "जास्वंद चांगला दर्शक नाही." तिन्ही वाक्यांनी प्रश्न तिथेच संपतो. संशोधकाचं वाक्य वेगळं असतं: जास्वंदीला अशी काय गोष्ट दिसतेय, जी हळदीला आणि पीएच पेपरला दिसत नाही?

रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे अंदाज बांधता येतो. जास्वंदीतलं मुख्य अँथोसायनिन सायनिडिनपासून बनलेलं आहे. सायनिडिनच्या एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी-शेजारी आहेत. असे शेजारचे दोन गट अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूच्या आयनाला चिमट्यासारखे धरतात. असं संकुल झालं की रंग निळ्या-जांभळ्या बाजूला सरकतो आणि आम्लधर्मी पाण्यातसुद्धा तो टिकतो. म्हणजे पेला जांभळा झाला तो सामूमुळे नाही, धातूमुळे.

पटतंय ना? इथेच थांबा. पटणं आणि सिद्ध होणं यात अजून चार पेल्यांचं अंतर आहे.

अंदाज खोटा ठरवू शकतील असे पेले

आपला अंदाज आहे: रंग अ‍ॅल्युमिनियममुळे बदलला. याला विरोध करणारा माणूस काय काय म्हणेल, त्याची यादी करा आणि प्रत्येक आक्षेपासाठी एक पेला मांडा.

आक्षेप पहिला: "साडेतीन सामूला जास्वंद तशीच दिसत असेल." मग साडेतीन सामूचंच, पण अ‍ॅल्युमिनियम नसलेलं पाणी हवं. घरचं व्हिनेगर साधारण अडीच सामूचं असतं. ते सौम्य आम्ल असल्याने दहापट पातळ केल्यावर सामू जेमतेम अर्ध्याने वाढतो, तीनच्या आसपास येतो. शंभरपट पातळ केलं की साडेतीनच्या जवळ. हा झाला तुमचा कंट्रोल. त्यात रंग फिकट गुलाबी आणि तुरटीत ठसठशीत जांभळा आला, तर पहिला आक्षेप गेला. दोन्ही सारखे आले, तर तुमचा अंदाज गेला. दोन्ही शक्यता खुल्या ठेवूनच पेला मांडायचा.

आक्षेप दुसरा: "कुठलंही मीठ घातलं तरी असं होत असेल." मग एका पेल्यात खायचं मीठ.

आक्षेप तिसरा: "तुरटीतल्या सल्फेटमुळे होत असेल." मग एका पेल्यात एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. औषधाच्या दुकानात मिळतं. त्यात सल्फेट आहे, अ‍ॅल्युमिनियम नाही. मिठाच्या आणि एप्सम सॉल्टच्या पाण्याचा सामूही व्हिनेगरचे थेंब घालून साडेतीनवर आणा, नाहीतर तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलाल आणि फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही.

आक्षेप चौथा: "अर्कच रंग बदलतोय, तुरटीचा संबंध नाही." मग नुसत्या पाण्यात अर्क घातलेला पेला शेवटपर्यंत शेजारी ठेवा.

कंट्रोल म्हणजे 'काहीच न घातलेला पेला' अशी व्याख्या आपण परीक्षेत लिहितो. इथे बघा, पाच पेल्यांतले चार कंट्रोल आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. ज्या गोष्टीचा संशय आहे ती सोडून बाकी सगळं सारखं ठेवणारा पेला, म्हणजे कंट्रोल. तो शोधायला डोकं लागतं, उपकरणं नाही.

हाच घोळ नोबेल मिळालेल्या माणसाच्या बाबतीत

ही फक्त सातवीच्या प्रोजेक्टची गोष्ट आहे असं वाटत असेल तर रिखार्ड विलस्टेटरकडे या. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, विशेषतः हरितद्रव्यावरच्या कामासाठी या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९१५ सालचं नोबेल मिळालं. निळ्या कॉर्नफ्लॉवरमधलं रंगद्रव्य आणि लाल गुलाबातलं रंगद्रव्य मुळात एकच आहे, हे त्याच काळात त्याच्या प्रयोगशाळेत दिसून आलं. मग एक फूल निळं आणि दुसरं लाल का? त्याचं स्पष्टीकरण होतं: पेशीरसाच्या आम्लतेमुळे. परीक्षानळीत हे दाखवता येतं. आम्लात लाल, आम्लारीत निळं.

अडचण अशी होती की कॉर्नफ्लॉवरच्या निळ्या पाकळ्यांचा पेशीरस आम्लधर्मीच निघाला. १९१९ साली जपानच्या केइता शिबाता आणि सहकाऱ्यांनी वेगळी कल्पना मांडली: निळा रंग धातूबरोबरच्या संकुलामुळे येत असेल. यावर वाद पुष्कळ वर्षं चालला. शेवटी २००५ साली जपानी संशोधकांनी त्या निळ्या रंगद्रव्याची स्फटिकरचना 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली. त्यात सहा अँथोसायनिनचे रेणू, सहा फ्लेव्होनचे रेणू, एक लोहाचा आयन, एक मॅग्नेशियमचा आणि दोन कॅल्शियमचे, असं भलंमोठं संकुल होतं. आम्लधर्मी रसात निळा रंग टिकवून ठेवणारं.

विलस्टेटरचा परीक्षानळीतला प्रयोग खोटा नव्हता. तो आजही कुणीही करून बघावा. पण 'नळीत सामू बदलला की रंग बदलतो' यावरून 'फुलातही रंग सामूमुळेच बदलतो' असं म्हणता येत नाही. एका कारणाने घडू शकणारी गोष्ट दुसऱ्या कारणानेही घडू शकते. हायड्रेंजियाचंही तसंच आहे. त्याची फुलं आम्लधर्मी मातीत निळी आणि आम्लारी मातीत गुलाबी होतात, म्हणजे लिटमसच्या बरोबर उलट. कारण पुन्हा अ‍ॅल्युमिनियम. आम्लधर्मी मातीत तो विरघळतो, मुळांवाटे झाडात जातो आणि रंगद्रव्याशी जोडला जातो. हेच रसायन तुमच्या तुरटीच्या पेल्यात आहे.

घरात लपलेले व्हेरिएबल

घरी प्रयोग करताना लॅबमधली शिस्त नसते असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. लॅबमध्ये बऱ्याच गोष्टी दुसऱ्या कुणीतरी आधीच नियंत्रित केलेल्या असतात, त्यामुळे त्या आपल्याला दिसतच नाहीत. घरी त्या सगळ्या अंगावर येतात.

भांडं बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा लोखंडी कढईत अर्क काढलात तर धातू आधीच आत शिरला. मग तुरटीच्या पेल्याची तुलना कशाशी करणार?

पाणी बघा. बोअरचं पाणी बरेचदा जड आणि किंचित आम्लारी असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि सगळ्या पेल्यांना एकाच बाटलीतलं वापरा.

मोजणी बघा. पीएच पेपर रंगीत द्रावणात बुडवला तर द्रावणाचा रंग कागदाला लागतो आणि वाचन फसतं. म्हणून सामू अर्क घालण्याआधी मोजा आणि अर्क थोडाच घाला. १० मिलीला १० थेंब पुरतात.

उजेड बघा. ट्यूबलाइटखाली आणि खिडकीजवळ एकच पेला वेगळा दिसतो. फोनने फोटो काढणार असाल तर सगळे पेले एकाच फ्रेममध्ये, एकाच पांढऱ्या कागदावर ठेवा. लाल, हिरव्या, निळ्या घटकांचे आकडे देणारी मोफत अ‍ॅप्स आहेत, त्यांनी रंगाचा आकडा काढता येतो.

आणि स्वतःकडे बघा. 'इथे जांभळा येणार' हे माहीत असेल तर जांभळा दिसतोच. उपाय सोपा आहे. घरातल्या कुणाला तरी पेल्यांना क्रमांक द्यायला सांगा आणि कुठल्या क्रमांकात काय आहे ते त्यांनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवू दे. तुम्ही आधी रंग लिहा, मग चिठ्ठी उघडा. औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्याला ब्लाइंडिंग म्हणतात, ते हेच. आई किंवा धाकटा भाऊ पाच मिनिटं मोकळा असला की झालं.

प्रत्येक पेला तीनदा करा, तेही तीन वेगवेगळ्या दिवशीच्या फुलांच्या अर्कातून. एकाच अर्काचे तीन पेले म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत, तो एकाच नमुन्याचा तीनदा घेतलेला फोटो. हा फरक थिसिसच्या व्हायव्हात विचारला जातो.

लाल दिसलं म्हणजे जास्वंद नव्हे

आणखी एक सराव. हाच आम्ल-सोड्याचा प्रयोग बीट आणि गुलाबी बोगनवेलीवर करा. लाल-गुलाबी रंग बघून तुम्हाला वाटेल की हेही जास्वंदीसारखं वागेल. व्हिनेगर आणि खायच्या सोड्यात बिटाचा रंग फारसा हलत नाही. बिटात आणि बोगनवेलीत अँथोसायनिन नसतं, बीटालेन नावाचा वेगळा गट असतो. त्याच्या रेणूत नायट्रोजन आहे आणि तो सामूच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात आपला रंग सांभाळून असतो. ही दोन्ही रंगद्रव्यं नैसर्गिकरीत्या एकाच वनस्पतीत एकत्र सापडलेली नाहीत. म्हणजे 'रंग बदलला नाही' हेसुद्धा माहिती देणारं उत्तर आहे. 'प्रयोग फसला' असं लिहून ते पान फाडू नका.

सुरक्षितता, थोडक्यात पण गंभीरपणे

चुन्याची निवळी वापरणार असाल तर डोळ्यांना चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. दारात आहे म्हणून प्रत्येक फूल घेऊ नका. कण्हेर विषारी आहे, ती या कामातून बाहेर. प्रयोगाचे पेले पुन्हा चहा-सरबताला वापरायचे नाहीत. लहान मुलांबरोबर करत असाल तर व्हिनेगर, लिंबू, सोडा आणि तुरटी एवढ्यावर थांबा.

आता तुमचा प्रश्न

शेवटी एक काम देते, उत्तर न सांगता. तुरटीच्या जांभळ्या पेल्यात लिंबू पिळा आणि रंगाचं काय होतं ते लिहा. रंग लालकडे सरकला तर त्याची निदान दोन कारणं असू शकतात. एक, लिंबाने सामू आणखी खाली आणला आणि रंगद्रव्याने धातूला धरायचं सोडलं. दोन, लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे आयन अ‍ॅल्युमिनियमला घट्ट धरतात, त्यांनी तो रंगद्रव्याच्या हातून काढून घेतला. दोन्ही एकदम होत असण्याचीही शक्यता आहे. आता ही कारणं वेगळी करणारे पेले तुम्ही मांडा. एक धागा देते: व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल सामू खाली आणतं, पण अ‍ॅल्युमिनियमवरची त्याची पकड सायट्रेटच्या मानाने बरीच सैल असते.

पेले मांडण्याआधी वहीच्या एका पानावर चार ओळी लिहा. माझा अंदाज काय. तो बरोबर असेल तर कुठला पेला कसा दिसेल. तो चूक असेल तर कसा दिसेल. तिसरी गोष्ट दिसली तर मी काय करीन. खाली तारीख टाका आणि मगच फूल तोडा. एकदा निकाल दिसल्यावर या ओळी बदलायच्या नाहीत.

पीएचडीच्या मुलाखतीत पॅनल बहुतेकदा एमएस्सीच्या प्रोजेक्टवर बोलायला लावतं. तिथे उपकरणाचं नाव सगळेच सांगतात. "तुमचा कंट्रोल काय होता, आणि तोच का?" असं विचारल्यावर मात्र खोली शांत होते. जास्वंदीच्या पाच पेल्यांवर तुम्ही हे एकदा नीट करून बघितलं असेल, तर त्या प्रश्नाला तुमच्याकडे स्वतःचं उत्तर असेल.